नावडतीचे नऊ इंच: जॅग्वार ई-टाइपच्या तिसऱ्या देहाचं प्रकरण

गेल्या पावसाळ्यात एका रात्री साडेअकराला धाकट्या चुलतभावाचा फोन आला. तो इंग्लंडात राहतो, कॉव्हेंट्रीपासून अर्ध्या तासावर.

"दादा, झोपला नाहीस ना? एक गाडी बघून आलोय. ई-टाइप. सदुसष्टची."

"ओपन की कूपे?"

तिकडून उत्तर यायला वेळ लागला. मग मुलाचा निकाल सांगायचाय पण टक्के कुणी विचारू नयेत अशा आवाजात तो म्हणाला, "टू-प्लस-टू."

जुन्या स्पोर्ट्स कारच्या वेडात पडलेल्या कुणालाही हे ओशाळणं लगेच कळेल. ई-टाइप ही जॅग्वार या ब्रिटिश कंपनीची स्पोर्ट्स कार. एकाच नावाच्या, एकाच इंजिनाच्या, एकाच कारखान्यातून निघालेल्या तीन गाड्या: एक उघडी, एक कूपे म्हणजे बंद टपाची, आणि एक टू-प्लस-टू, म्हणजे पुढे दोन आणि मागे मुलांपुरत्या दोन बैठकांची बंद गाडी. त्यातल्या दोघींची चित्रं भिंतीवर लागतात. तिसरीचं नाव घेताना मालकच आधी दोन वाक्यं खुलासा करतो: मुलं आहेत, बजेट नव्हतं, तशी चालवायला छान आहे. नावडतीचं मीठ अळणी, दुसरं काय. त्या रात्री भावाला मी जे तुटक तुटक सांगितलं ते इथे नीट मांडतोय. माझ्या मते ई-टाइपचं पुढचं अर्धं आयुष्य या नावडतीच्याच जमिनीवर उभं राहिलं, आणि ते मान्य करायला आपण चाहते अजून तयार नाही.

आधीच्या दोघी

मार्च 1961 मध्ये जिनिव्हाच्या मोटर शोच्या वेळी जॅग्वारने ई-टाइप जगासमोर आणली. पत्रकारांना दाखवायला बंद टपाची करडी कूपे होती, नंबर 9600 एचपी. फेरफटका मारायला मिळावा म्हणून एवढी झुंबड उडाली की कॉव्हेंट्रीहून आणखी एक गाडी मागवावी लागली. कंपनीचे टेस्ट ड्रायव्हर नॉर्मन ड्युइस यांनी 77 आरडब्ल्यू ही हिरवी उघडी गाडी रातोरात जिनिव्हाला पोचवली. म्हणजे पहिल्याच आठवड्यात ई-टाइपचे दोन देह लोकांनी शेजारी-शेजारी पाहिले, आणि कोणती जास्त देखणी हा वाद तेव्हापासून चालू आहे.

उघड्या गाडीला जॅग्वारच्या भाषेत ओटीएस म्हणत, ओपन टू सीटर. अमेरिकेत तिला रोडस्टर म्हणतात. कडक हिशोब लावला तर हे नाव चुकीचंच आहे. जॅग्वारच्याच आधीच्या एक्सके 120 या गाडीच्या काळात ओटीएस म्हणजे खरी उघडीवाघडी गाडी: दारात वर-खाली होणारी काच नाही, टप म्हणजे नुसतं कापड. ज्या गाडीला अस्तराचा जाड टप आणि दारात काचा, ती ड्रॉपहेड. ई-टाइपच्या दारात काचा होत्या, तरी कारखान्याने ओटीएस हेच नाव चालू ठेवलं. नाव साधं-सडपातळ असलं की गाडीही तशीच वाटते, एवढाच माझा तर्क.

कूपेची गोष्ट जास्त गंमतीची आहे. ई-टाइपचं कूळ रेसिंगचं. ल मांची शर्यत जिंकणाऱ्या जॅग्वार डी-टाइपची ही धाकटी बहीण, आणि डी-टाइप उघडीच होती. आकार काढणारे माल्कम सेयर विमानांच्या कारखान्यातून आलेले. ते गाडीचा वळसा हाताने चितारत नसत, तर गणिताने काढत, एकेका बिंदूचे आकडे मांडून. पण कूपेचं छप्पर प्रथम आकाराला आलं ते कागदावर नाही. प्रायोगिक विभागात बॉब ब्लेक नावाचे अमेरिकन पत्राकारागीर होते. त्यांनी उघड्या गाडीच्या सांगाड्यावर वेल्डिंगच्या बारीक कांड्या वाकवून जोडल्या आणि हवेतच छपराची रेघ ओढली. जॅग्वारचे प्रमुख सर विल्यम लायन्स फिरत फिरत तिथे आले, त्यांनी ती पाहिली, आणि ही गाडी बनवायची असं ठरलं. आपल्याकडचा एखादा जुना पत्रेवाला गॅरेजच्या फरशीवर खडूने रेघ मारून म्हणतो ना, "साहेब, असं घेऊ का?", तोच प्रकार. फक्त इथे साहेब गाडीचा कारखानदार होता आणि नजरेचा पक्का होता.

ही दुसरी बहीण म्हणजे एफएचसी, फिक्स्ड हेड कूपे. मागची काच-दार बिजागरीवर बाजूला उघडतं, आत सामान ठेवायला लांबट सपाट जागा, दारांच्या काचांना चकचकीत क्रोमच्या चौकटी. ब्रिटनमध्ये कर धरून उघड्या गाडीची किंमत सुमारे 2,097 पौंड होती आणि कूपेची 2,196. कूपे शंभरेक पौंडांनी महाग! ऑटोकार या नियतकालिकाच्या चाचणीत कूपे ताशी 150.4 मैल पळाली, तर द मोटर या नियतकालिकाच्या चाचणीत उघडी गाडी 149.1. दोन्ही गाड्या चाचणीसाठी खास तयार करून दिल्या होत्या हे आता कुणी लपवत नाही. पण मुद्दा तो नाही. जन्माच्या वेळी कूपे महागही होती आणि कणभर वेगवानही होती, आणि आज बाजारात उघडी गाडी तिच्यावर सहज मात करते. शरीरप्रकाराची किंमत कारखाना ठरवतो तेवढीच खरी असती, तर हे घडलं नसतं.

मुलं कुठे बसवायची

या दोघींमध्ये एक उणीव होती. माणसं फक्त दोनच.

जॅग्वारला हे कळत नव्हतं असं नाही. 1954 च्या एक्सके 140 च्या बंद गाडीत त्यांनी मागे लहान मुलांपुरत्या दोन बैठका दिल्या होत्या. ई-टाइप आली आणि ती सोय गेली. म्हणजे जुना गिऱ्हाईक नवी गाडी घ्यायला आला की एक पाऊल मागेच पडत होता. त्यात बाजारही बदलत होता. फेरारीने 1960 मध्येच 250 जीटीई ही चार जणांची गाडी काढली होती. ॲस्टन मार्टिनच्या डीबी 4 आणि डीबी 5 मध्ये मागे बसता येत होतं. 1963 मध्ये फ्रँकफर्टला दिसलेल्या पोर्शे 911 मध्ये मागच्या दोन छोट्या बैठका पहिल्या दिवसापासून होत्या. तिशीत ई-टाइप घेतलेला माणूस पस्तिशीत बाप झाला की गाडी विकून जाणार कुठे, याचं उत्तर जॅग्वारच्या दुकानात नव्हतं.

दुसरी अडचण गिअरबॉक्सची. जॅग्वारचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक अमेरिकेत, आणि तिथल्या बऱ्याच जणांना क्लच दाबायचा कंटाळा. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स ई-टाइपच्या आखूड पेटीत बसवायला जागाच नव्हती. मागच्या बैठका आणि ऑटोमॅटिक या दोन वेगळ्या मागण्या. पण दोन्हींचं औषध एकच निघालं: गाडी लांब करा.

मार्च 1966 मध्ये 2+2 बाजारात आली. इंजिन 1964 पासून चालू असलेलं 4.2 लिटरचं, तीन एसयू कार्ब्युरेटरांचं. चाकांमधलं अंतर 96 इंचांवरून 105 इंच झालं. नऊ इंच. आपल्या वीतभर.

एक इंच वाढवला की दुसरा मागतो

हा भाग मी जरा सावकाश सांगणार आहे, कारण टू-प्लस-टूला 'कुरूप' म्हणणाऱ्या लोकांनी यातलं अर्धंही पाहिलेलं नसतं.

ई-टाइपची बांधणी तीन तुकड्यांत आहे. मधे पत्र्याची बंद पेटी, तीत माणसं बसतात. पेटीच्या पुढच्या भिंतीला बोल्टांनी कसलेला चौकोनी नळ्यांचा सांगाडा, त्यात इंजिन आणि पुढची चाकं, आणि त्यावर ते प्रसिद्ध लांबलचक बोनेट. पेटीच्या खाली मागे सस्पेन्शनचा स्वतंत्र पिंजरा, त्यात डिफरन्शिअल, स्प्रिंगा, आणि चाकात न बसवता आत डिफरन्शिअलला खेटून बसवलेले ब्रेक. आता गाडी लांबवायची तर हात कुठे घालणार? पुढच्या सांगाड्याला हात लावला तर बोनेट नवं करावं लागतं, आणि ई-टाइपचं बोनेट म्हणजे खर्चाची खाण. मागचा पिंजरा तर जसाच्या तसा हवा. म्हणून नऊ इंच घातले ते पेटीत, पुढची भिंत आणि मागची चाकं यांच्या मधोमध. बरेच लोक समजतात की लांबी पुढच्या बारा सिलिंडरच्या इंजिनासाठी वाढवली. तसं काहीही नव्हतं. ही जागा माणसांच्या गुडघ्यांसाठी होती.

पेटी लांबली, तर मागच्या बैठकीपर्यंत पाय घालायला दारही लांब हवं. दार साडेआठ इंचांनी वाढलं. इथवर ठीक. पण मागची बैठक येते बरोबर सस्पेन्शनच्या पिंजऱ्यावर, त्यामुळे ती खाली सरकवता येत नाही. बैठक खाली जात नसेल तर डोकं वर जाणार. डोकं वर गेलं तर छप्पर वर. छप्पर सुमारे दोन इंच उचललं. आता फक्त मागून छप्पर उचललं असतं तर गाडीला उंटासारखं कुबड आलं असतं, म्हणून पुढची काच दीड इंच उंच केली. पण काचेचं खालचं टोक होतं तिथेच राहिलं. काच उंच झाली आणि बुंधा जागेवर, म्हणजे काच उभी झाली.

इथे घोटाळा झाला. ई-टाइप कूपेचं सौंदर्य कुठल्याही एका वळशात नाही, ते प्रमाणात आहे. लांबच लांब बोनेट, आणि त्याच्या शेवटी जणू नंतर सुचल्यासारखा चिमुकला काचेचा घुमट. टू-प्लस-टूमध्ये बोनेट तेच, शेपूट जवळपास तीच, आणि मधला घुमट मात्र लांब, उंच आणि कपाळ ताठ. नाक तेच, डोळे तेच, पण टोपी मोठ्या भावाची. मी तर म्हणेन, काच उभी राहिली नसती तर बाकीचं खपलं असतं. लांब दाराकडे कुणाचं लक्षही गेलं नसतं. जॅग्वारलाही ते लांब दार डोळ्यांत खुपलं असावं, कारण फक्त याच गाडीच्या दारावर काचेखालून क्रोमची एक पट्टी ओढलेली आहे. उंच भिंतीला मधे रंगीत पट्टा मारतात, तशी.

वजनही शंभर किलोंपेक्षा जास्त वाढलं. बोर्ग-वॉर्नरची तीन वेगांची ऑटोमॅटिक घेतली तर गाडी आणखी सुस्त. पण आतली कारागिरी पाहण्यासारखी होती. मागच्या बैठकीच्या पाठीचा वरचा भाग पुढे सरकवता येई, म्हणजे मुलं नसतील तेव्हा सामानाची फळी लांब. हातमोज्यांच्या खणाला झाकण आलं. या बारीक गोष्टी करणाऱ्या माणसाला घरी मुलं असणार, अशी मला खात्री वाटते.

तुलनेला एमजीबी जीटी ही दुसरी ब्रिटिश गाडी घ्या. टू-प्लस-टूच्या आधी काही महिने, 1965 मध्ये ती आली. तिथेही उघड्या गाडीवर छप्पर चढवलं, मागे मुलांची बैठक दिली, पुढची काच उंच केली. छपराचं काम पिनिनफरिना या इटालियन रचनाकार कंपनीचं. चाकांमधलं अंतर मात्र इंचभरही वाढवलं नाही. ती गाडी आजही सुबक दिसते. पण एमजीबीचं बोनेट मुळातच आखूड आणि पेटी उभट आहे, तिच्यावर उंच घुमट शोभतो. आणि तिच्या मागच्या बाकावर मुलाला बसवलं तर ते शाळेत तक्रार करेल. जॅग्वारने मुलांना खरी जागा दिली आणि त्याची किंमत चेहऱ्याने मोजली. जपानमध्येही पुढे हेच झालं: डॅटसनच्या झेड गाडीची 1974 मध्ये 2+2 काढली तेव्हा चाकांमधलं अंतर जवळजवळ एक फूट वाढवलं, आणि आज तिच्याही मालकाला पहिली दोन वाक्यं खुलासाच करावा लागतो.

दुरुस्ती, आणि मग उलथापालथ

चूक काचेत होती हे जॅग्वारच्याही लक्षात आलं. 1968 च्या अखेरीस ई-टाइपची दुसरी आवृत्ती, सीरिज टू, आली. अमेरिकेचे सुरक्षेचे नवे नियम त्या वर्षीच्या 1 जानेवारीपासून लागू झालेले, त्यामुळे हेडलाइटवरच्या काचा आधीच गेल्या होत्या. आता बोनेटचं तोंड मोठं झालं आणि मागचे दिवे जाडजूड होऊन बंपरखाली उतरले. चाहते या सगळ्यावर नाक मुरडतात. पण टू-प्लस-टूच्या बाबतीत एक काम फार चांगलं झालं: पुढच्या काचेचा बुंधा पुढे सरकवून बोनेटच्या कडेपर्यंत आणला. काच पुन्हा झुकली. सीरिज टूची टू-प्लस-टू बाजूने पाहा, दुखणं निम्मं झालेलं दिसेल. ज्या बदलांनी बाकीच्या दोघींचं रूप उतरलं, त्याच बदलांच्या वेळी तिसरीचं थोडं खुललं.

आणि विक्री? सीरिज टूमध्ये छोटी कूपे सुमारे 4,850 खपली, टू-प्लस-टू सुमारे 5,300. म्हणजे बंद गाडी हवी असलेल्या निम्म्याहून जास्त गिऱ्हाइकांनी त्या वेळी रोख पैसे मोजून ही 'कुरूप' गाडी निवडली. त्यांना गाडी चालवायची होती, मुलांना शाळेत सोडायचं होतं, सुट्टीत समुद्रावर जायचं होतं. पन्नास वर्षांनी लिलावात तिचं काय होईल याची फिकीर त्यांनी का करावी?

मग 1971 ची सीरिज थ्री. पुढे बारा सिलिंडरचं नवं 5.3 लिटर इंजिन, चार कार्ब्युरेटर, रुंद चाकं, त्यांच्यावर फुगवलेले पत्रे, तोंडाला जाळी. इथे जॅग्वारने जे केलं ते या प्रकरणाचं हृदय आहे. त्यांनी तीन देह आणि दोन लांब्या सांभाळायचं बंद केलं. 96 इंचांची पेटी रद्द. छोटी कूपे, ब्लेकच्या कांड्यांतून जन्मलेली ती देखणी, कायमची गेली. राहिली 105 इंचांची एकच जमीन आणि तिच्यावर दोन देह: बंद टू-प्लस-टू आणि उघडी दोन जणांची.

म्हणजे व्ही-12 रोडस्टर, जिच्या पुढे उभं राहून लोक फोटो काढतात, ती खालून टू-प्लस-टूच आहे. मागची बैठक आणि छप्पर नाही, एवढंच. त्या जादा लांबीमुळेच उघड्या गाडीलाही प्रथमच ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मिळाला आणि उंच माणसाला पाय पसरता आले. गंमत अशी की तेच नऊ इंच छपराशिवाय असले की खुपत नाहीत. रोडस्टर लांब झाली तर लोक म्हणाले, भारदस्त झाली. कूपे लांब झाली तर म्हणाले, बेढब. लांबीवर कुणाचा राग नव्हताच, राग त्या घुमटावर होता.

हिशोब मांडला तर सगळ्या मिळून सुमारे साडेबहात्तर हजार ई-टाइप बनल्या. त्यातल्या लांब जमिनीच्या एकतृतीयांशाहून जास्त. नावडतीचं माहेर एवढं मोठं आहे.

कापाकापी

नावडतं असण्याचे परिणाम फक्त बोलण्यात राहत नाहीत, ते पत्र्यावर उमटतात. भाव कमी, म्हणून नीट दुरुस्ती करणं परवडत नाही. दुरुस्ती नाही, म्हणून गाडी गंजते. गंजली की कुणीतरी तिच्यातलं इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचं सस्पेन्शन काढून जॅग्वारच्या सी-टाइप किंवा डी-टाइप या रेसिंग गाड्यांची नक्कल बांधायला घेतो. कितीतरी टू-प्लस-टू अशा दुसऱ्यांच्या पोटात गेल्या. छोट्या कूपेच्या नशिबी वेगळी करवत आली: रोडस्टरला भाव जास्त म्हणून तिचं छप्पर कापून तिला उघडी करायची. वरवर सोपं वाटतं, पण उघड्या गाडीला छप्पर नसल्याची भरपाई म्हणून पेटीत जादा मजबुती असते, दारं वेगळी, काचेची चौकट वेगळी, मागचा पत्रा वेगळा. नुसतं छप्पर कापलं तर खड्ड्यात दार आपोआप उघडेल.

म्हणून जुनी ई-टाइप घेताना पहिला प्रश्न रंगाचा किंवा इंजिनाचा नसावा. ही गाडी जन्मली तेव्हा कोणत्या देहात जन्मली, हा असावा. याचं उत्तर चेसिस नंबरात आहे, कारण जॅग्वारने प्रत्येक देहाला वेगळी मालिका दिली होती. पहिल्या 3.8 लिटरच्या गाड्यांत उजव्या हाताच्या, म्हणजे स्टिअरिंग उजवीकडे असलेल्या, ओटीएसची मालिका 850001 पासून, कूपेची 860001 पासून. डाव्या हाताच्या अनुक्रमे 875001 आणि 885001 पासून. 4.2 ची सीरिज वन आली तशी पुढे 1ई लागलं, आणि टू-प्लस-टूचा आकडा उजव्या हातासाठी 50001 पासून, डाव्या हातासाठी 75001 पासून. नंबराच्या शेवटी बीडब्ल्यू असेल तर गाडी ऑटोमॅटिक म्हणून जन्मली. एखाद्याने रोडस्टर म्हणून दाखवलेल्या गाडीचा नंबर 885 ने सुरू होत असेल, तर ती टप कापलेली कूपे आहे. विकणारा हे आधीच सांगत असेल तर प्रामाणिक माणूस, नाहीतर नमस्कार करून निघावं.

यात एक मेख आहे. हा नंबर पुढच्या नळ्यांच्या सांगाड्यावर ठोकलेला असतो, आणि तो सांगाडा बोल्टांनी सुटतो. दुरुस्तीत नवा बसवतात, त्यावर नंबर पुन्हा ठोकतात. त्यामुळे नंबर, इंजिनाजवळची पट्टी आणि जॅग्वारच्या वारसा संस्थेकडून मिळणारा उत्पादनाच्या नोंदीचा दाखला हे तिन्ही जुळले पाहिजेत. टू-प्लस-टूच्या बाबतीत मात्र आणखी एक साधन आहे आणि त्याला कुठलाही दाखला लागत नाही: मोजपट्टी. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत. 96 किंवा 105. मधलं काही नसतं.

भावाने दुसऱ्या दिवशी फोटो पाठवले. नंबर 1ई50 ने सुरू होणारा, शेवटी बीडब्ल्यू नाही. म्हणजे उजव्या हाताची, हाती गिअरची टू-प्लस-टू. आणि त्याने पट्टीही लावली होती, अंगणात गुडघ्यांवर बसून, बायकोने फोटो काढलेला.

दुसरं अंग मिळालं असतं तर

याच जमिनीवर दुसऱ्या कुणी घर बांधलं असतं तर काय झालं असतं, याचं उत्तर आपल्याला योगायोगाने ठाऊक आहे. 1967 मध्ये ब्रिटनच्या डेली टेलिग्राफ वृत्तपत्रासाठी गाड्यांचे देह बनवणाऱ्या इटलीच्या बर्तोने कंपनीने ई-टाइप 2+2 घेतली, जॅग्वारचा पत्रा बाजूला ठेवला आणि नवा देह चढवला. नाव पिराना, आकार मार्चेल्लो गांदिनींचा. लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात ती दिसली. तेच 105 इंच, तेच इंजिन, पण बोनेटपासून शेपटापर्यंत सगळी रेघ एका दमात ओढलेली. लांबी तिच्यात खुपत नाही, शोभते. थोड्याच दिवसांनी आलेल्या लाम्बोर्गिनी एस्पाडात तिचीच छाया दिसते. पिराना बघितल्यावर माझं मत पक्कं झालं की गुन्हा इंचांचा नव्हता. दोन जणांसाठी काढलेल्या गणितात चार जण बसवायचे आणि तरी बोनेट, शेपूट, सगळं जुनंच ठेवायचं, या काटकसरीचा होता. अर्थात ती काटकसर नसती तर गाडी कदाचित निघालीच नसती.

2008 पासून जॅग्वारची मालकी टाटा मोटर्सकडे, म्हणजे मुंबईकडे आहे. त्यानंतर कंपनीने आपल्या जुन्या खजिन्यात बराच हात घातला. 1963-64 मध्ये ॲल्युमिनियमच्या हलक्या रेसिंग ई-टाइप 18 बनवायच्या ठरल्या होत्या, बनल्या 12. उरलेल्या सहा 2014 नंतर बांधून पूर्ण केल्या. 2017 मध्ये विजेवर चालणारी ई-टाइप दाखवली, तीही रोडस्टर. 2021 मध्ये साठीनिमित्त सहा जोड्या केल्या: प्रत्येक जोडीत 9600 एचपीच्या आठवणीत एक करडी कूपे आणि 77 आरडब्ल्यूच्या आठवणीत एक हिरवी उघडी. टू-प्लस-टू कशातच नाही. मला राग नाही आला, हसू आलं. घरच्या लग्नाच्या फोटोत जी काकू नेहमी कडेला अर्धी कापलेली असते आणि सगळ्या पंगतीचं बघितलेलं मात्र तिनेच असतं, तिची आठवण झाली.

बंद टू-प्लस-टू 1973 मध्ये थांबली, उघडी व्ही-12 1974 मध्ये. शेवटच्या पन्नास उघड्या गाड्यांपैकी एक हिरवी सोडली तर सगळ्या काळ्या रंगात काढल्या. सगळ्यात शेवटची, एचडीयू 555 एन, जॅग्वारने स्वतःजवळ ठेवली. तिच्या चाकांमध्येही पट्टी लावली तर 105 इंचच भरतील.

भावाने गाडी घेतली. मागच्या रविवारी व्हिडिओ कॉल केला तेव्हा दोन्ही मुलं मागे बसलेली होती. धाकटी मजेत. थोरला बारा वर्षांचा, त्याची मान आत्ताच थोडी वाकलेली.

"बाबा, पुढच्या वर्षी मी पुढे बसणार," तो म्हणाला.

"मग आई कुठे बसणार?" भावाने विचारलं.

यावर कुणाकडे उत्तर नव्हतं.